खऱ्याखोट्याचा शिक्का कुणाच्या हातात असावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तालुक्याच्या गावी नागरिकशास्त्र शिकवता. लोकशाहीने दिलेली मोकळीक वापरून लोकशाहीच मोडायला निघालेल्या संघटनांवर आणि मोबाइलवरून खोटंनाटं पसरवणाऱ्यांवर सरकार सरसकट बंदी का घालत नाही, इतर देश काय करतात, असं मुलांनी वर्गात विचारलं. शिवाय गावच्या ग्रुपवर विखारी मजकूर आला तर ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो का, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे. मराठीत फिरणाऱ्या मजकुराची खातरजमा करणं हे माझं रोजचं काम. पोलिसांच्या आणि शिक्षकांच्या कार्यशाळाही घेते. त्यामुळे व्याख्या बाजूला ठेवून जे हाताखालून गेलं आहे त्यावरूनच लिहिते.

आधी माझं मत सांगते. बंदी, शिक्षा, मजकूर हटवणं ही सगळी हत्यारं लोकशाहीला लागतात. पण ज्या सरकारवर टीका करायची, त्याच सरकारच्या हाती खरं काय नि खोटं काय, देशाचा शत्रू कोण नि टीकाकार कोण हे ठरवण्याचा शिक्का दिला, तर त्याचा पहिला फटका सामान्य माणसाला बसतो. आपल्याच राज्यात हे घडलेलं आहे. दुसरं असं, की अफवेने माणसं मरतात ती काही तासांत. तेवढ्या वेळात न्यायालय, मंत्रालय, कंपनी यांपैकी कुणीच पोचत नाही. पोचतात ती गावातली माणसं.

मुलांना सुरुवातीला राईनपाडा सांगा. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही जण भिक्षा मागायला तिथे आले होते, त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलायला गेला आणि मुलं पळवणारी टोळी आली असा गलका झाला. जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. लोकशाहीचं सगळ्यात खालचं, सगळ्यात जवळचं कार्यालय ते, आणि खून तिथे झाले.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून मुलं पळवण्याचे व्हिडिओ देशभर फिरत होते. सगळ्यात जास्त पसरलेल्या व्हिडिओत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यात खेळणाऱ्या एका पोराला उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका बालसंरक्षण संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेला होता. मूळ चित्रफितीत तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मूल पळवायला क्षणभरही पुरतो, लक्ष ठेवा, असा फलक धरतात. शेवटचे तेवढे सेकंद कुणीतरी कापले. सोबत मराठीत मजकूर: आपल्या भागात टोळी फिरतेय, सावध राहा, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. गावाचं नाव मात्र प्रत्येक वेळी वेगळं.

असा मजकूर माझ्याकडे आला की मी काय करते ते सांगते, कारण ते वर्गात करून दाखवता येतं. व्हिडिओ थांबवून चार-पाच ठिकाणची चित्रं काढायची आणि ती इंटरनेटवर शोधायची. जुना व्हिडिओ असेल तर बहुतेक वेळा मूळ सापडतं. मग दुकानांच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटी, लोकांचे कपडे, रस्त्याच्या कडेचा दगड बघायचा. पण सगळ्यात खात्रीचा उपाय यापेक्षा साधा आहे. संबंधित पोलीस ठाण्याला फोन लावायचा आणि ठाणे अंमलदाराला विचारायचं, मूल हरवल्याची नोंद आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की गुन्हा नोंदवावाच लागतो. म्हणजे मूल खरंच गेलं असेल तर कागद असतो. कागद नाही, तक्रार नाही, आईबाप नाहीत, फक्त व्हिडिओ आहे, असं असलं की समजून घ्यायचं.

इथे एक खाचखळगा आहे, त्यात पत्रकारसुद्धा पडतात. हीच नोंद अपहरणाच्या कलमाखाली होते. घरातून रागाने निघून गेलेला सोळा वर्षांचा मुलगा, प्रेमात पडून पळालेली मुलगी, जत्रेत चुकून तासाभरात सापडलेलं लेकरू, सगळे त्याच रकान्यात. त्यामुळे वर्षाचा आकडा मोठा दिसतो आणि तो आकडा खरा असतो. खऱ्या आकड्याच्या पाठीवर बसून खोटी टोळी गावात येते. म्हणून ‘हे साफ खोटं आहे’ एवढं सांगून भागत नाही. नोंदी किती, त्यांतली मुलं परत किती आली, टोळीचा पुरावा आहे का, हे तीन प्रश्न वेगळे करून सांगावे लागतात.

त्याच रविवारी रात्री मालेगावात याच संशयावरून जमावाने पाच जणांना घेरलं. त्यांत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्या स्थानिक माणसांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलिसांनी जमावाचा मार खाऊन, गाडीचं नुकसान सोसून त्यांना बाहेर काढलं. सगळे वाचले. अफवा तीच, दिवस तोच, कायदाही तोच. मधे उभं राहणारी माणसं वेळेवर मिळाली. मी प्रशिक्षणात या दोन घटना नेहमी एकत्र शिकवते.

म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर काम करायचं तर आधी यादी लागते: पोलीस पाटील, बीट हवालदार, सरपंच, आशाताई, बाजाराचा ठेकेदार, एसटी कंट्रोलर, मशिदीचे आणि मंदिराचे विश्वस्त. ग्रामपंचायतीचा भोंगा चालू आहे का हे आधी बघून ठेवायचं. खुलासा गावच्या बोलीत हवा. साक्रीच्या पट्ट्यात अहिराणीत आणि आदिवासी बोलींमध्ये बोललेली अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत जे काम करते, ते जिल्हा माहिती कार्यालयाच्या दोन पानी प्रसिद्धिपत्रकाने होत नाही. आवाजही ओळखीचा लागतो. आणि खुलाशात अफवा पुन्हा सांगत बसू नये. ‘टोळी आल्याची अफवा खोटी’ यातला ‘टोळी आल्याची’ एवढाच भाग घाईत ऐकणाऱ्याच्या कानात राहतो. ‘आपल्या तालुक्यात एकही मूल बेपत्ता नाही, अनोळखी माणूस दिसला तर या नंबरवर फोन करा, हात उचलाल तर खुनाचा गुन्हा लागेल’ असं सरळ सांगावं.

राईनपाड्यानंतर दोन गोष्टी हलल्या. १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, जलदगती सुनावणी, पीडितांसाठी भरपाई योजना, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई. तुमच्या जिल्ह्यात तो अधिकारी कोण, हे मुलांना शोधायला सांगा. चांगला प्रकल्प होईल. दुसरीकडे व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि अशा मजकुराचं फिरणं सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. आकडा कंपनीचाच आहे हे लक्षात ठेवून वाचावा. तरी मला हा उपाय आवडतो, कारण यात मजकूर कुणी वाचला नाही, कुणाचं तोंड दाबलं नाही, खऱ्याखोट्याचा निवाडा कुणी केला नाही. फक्त वेग कमी केला, आणि अफवेचा जीव वेगातच असतो.

आता बंदीकडे येते.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ त्यांच्यावर लावलं होतं; त्रासदायक, गैरसोयीचा, अपमानकारक मजकूर पाठवणं हा त्यात गुन्हा होता. कलम आणलं होतं ते नागरिकांचं ऑनलाइन छळापासून रक्षण व्हावं म्हणून. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केलं. त्या निकालातलं एक सूत्र तुमच्या वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखं आहे. बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडवट वाटल्या तरी त्यांना संरक्षण आहे. चिथावणीपर्यंत गोष्ट पोचली की कायद्याने हात घालावा.

कलम रद्द झाल्यावरही देशात ठिकठिकाणी ते लावलं जात राहिलं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. एकदा ठाण्याच्या टेबलावर आलेलं हत्यार परत कपाटात जाताना किती वर्षं लागतात ते यावरून दिसतं.

मग एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा कुठला मजकूर खोटा, बनावट वा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारने नेमलेल्या सत्यशोधन कक्षाने ठरवायचं, आणि तसा शिक्का बसलेला मजकूर तसाच ठेवणाऱ्या समाजमाध्यम कंपनीचं कायदेशीर संरक्षण (लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याचं) धोक्यात येणार, अशी ती तरतूद. विनोदी कलाकार कुणाल कामरा, संपादकांची संघटना एडिटर्स गिल्ड आणि इतर काही मुंबई उच्च न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ ला न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. मार्चमध्ये केंद्राने कक्ष अधिसूचित केला आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. शेवटी तिसरे न्यायाधीश ए. एस. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

मी स्वतः सत्यशोधनाचंच काम करत असूनही मला हा निकाल मनापासून योग्य वाटतो. मी एखादा दावा खोटा म्हटला तर समोरचा माझं म्हणणं खोडून काढू शकतो, माझे पुरावे तपासू शकतो, मला दुर्लक्षूही शकतो. सरकारने खोटं म्हटलं आणि मजकूर गायब झाला, तर तपासायला काही उरतच नाही. दुष्काळ, महापूर, साथ या काळात सरकारी आकडे आणि गावातली परिस्थिती यांत अंतर पडतं. ते अंतर दाखवणारी बातमी सरकारच्या लेखी दिशाभूल करणारीच असते. सरकारने खुलासा जरूर करावा, जोरात करावा, पुराव्यासह करावा. पुसून टाकण्याचा अधिकार मागू नये.

संघटना आणि पक्षांवरच्या बंदीसाठी मुलांना जर्मनीचं उदाहरण द्या. तिथल्या राज्यघटनेची घडण एका जखमेतून झाली आहे. हिटलर सत्तेवर आला तो निवडणुका आणि घटनेच्या चौकटीतून, आणि मार्च १९३३ मध्ये संसदेनेच कायदा करून आपले अधिकार त्याच्या हवाली केले. १९४९ च्या घटनेत म्हणून दोन कुलपं घातली. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीचा गाभा कितीही बहुमत असलं तरी बदलता येत नाही. आणि लोकशाही व्यवस्था उलथवू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालता येते. मात्र सरकार, संसद किंवा राज्यांचं सभागृह फक्त अर्ज करू शकतं. निर्णय एकट्या घटनात्मक न्यायालयाचा, आणि तोही दोन तृतीयांश बहुमताने.

हे कुलूप त्यांनी फार वेळा वापरलेलं नाही. १९५२ मध्ये एसआरपी नावाचा नव-नाझी पक्ष आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्ष, अशा दोनच पक्षांवर बंदी आली. एनपीडी या कडव्या उजव्या पक्षावरचा खटला २००३ मध्ये बारगळला, कारण पक्षाच्या वरच्या फळीतच गुप्तचर खात्याचे खबरी निघाले; पक्षाचं धोरण पक्षाचं की सरकारी खबऱ्यांचं, हेच सांगता येईना. २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की या पक्षाचे हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते तडीस नेण्याएवढी ताकद त्याच्यात नाही, म्हणून बंदी नाही. जानेवारी २०२४ मध्ये मात्र त्या पक्षाचा सरकारी निधी सहा वर्षांसाठी तोडला. हा मधला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो: तुम्हाला बोलायला मोकळीक आहे, पण लोकशाही मोडायला लोकशाहीच्या तिजोरीतून पैसे मिळणार नाहीत. अडचण अशी, की ताकद नसलेल्यावर बंदी नको आणि ताकद आल्यावर बंदी घालणं जवळजवळ अशक्य. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी या कडव्या उजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली. पाचातल्या एका मतदाराने निवडलेला पक्ष न्यायालयाच्या हुकुमाने कसा मिटवणार? यावर जर्मनीत आज प्रामाणिक माणसांमध्ये खडाजंगी चालू आहे, आणि मला दोन्ही बाजू पटतात.

आपल्याकडे विधानसभेने जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांना रोखण्यासाठी ते आणल्याचं सरकारने सांगितलं. त्याला जर्मन फूटपट्टी लावून बघा. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा अधिकार सरकारकडे, तपासणी सल्लागार मंडळाकडे. गडचिरोलीत शस्त्र घेऊन फिरणाऱ्यांचा धोका मी नाकारत नाही, तिथे पोलीस आणि आदिवासी दोन्ही मेले आहेत. पण शस्त्र उचलणाऱ्यासाठी कायदे आधीच होते. बंदीचा अर्ज करणारा आणि बंदीचा हुकूम काढणारा एकच असावा का, हा प्रश्न सत्तेत कुठलाही पक्ष असला तरी विचारायला हवा.

आहेत ते कायदे का चालत नाहीत, हेही मुलं विचारतील. दोन गटांत वैर पसरवणं हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहेच. पण न्यायालयाने त्याची दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. किल्ली सरकारकडे असल्यामुळे आपल्या बाजूच्या वक्त्याची फाइल मंत्रालयात पडून राहते आणि विरोधातल्याची पटकन पुढे सरकते. हे मी वेगवेगळ्या सरकारांच्या काळात पाहिलं आहे. आणि उशीर! विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मतं मागितल्याबद्दल उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करेपर्यंत डिसेंबर १९९५ उजाडला. त्या विधानसभेची मुदत केव्हाच संपली होती. वरातीमागून घोडं. कायद्याचं तत्त्व ठाम राहिलं, धाक मात्र राहिला नाही. नवा कडक कायदा आणण्यापेक्षा जुना वेळेवर आणि सगळ्यांना सारखा लावला, तरी पुष्कळ होईल.

राईनपाड्याबद्दल अजून एक सांगायचं राहिलं, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या जमावाला परक्या वेशातली, दारोदार फिरणारी माणसं इतक्या सहज चोर का वाटली? भटक्या-विमुक्तांवरचा संशय मोबाइलच्या फार आधीचा आहे. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगारी जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, नजर गेली नाही. अफवा हवेतून काही बनवत नाही, आधीच वाळलेल्या गवतावर पडते. द्वेषाचा धंदा करणारेही हेच गवत शोधत असतात. म्हणून तुमच्या शाळेच्या कार्यक्रमाला एखाद्या डवरी गोसावी, मसणजोगी किंवा पारधी कुटुंबातल्या माणसाला बोलवा. फेक न्यूज ओळखण्याच्या दहा युक्त्या शिकवण्याइतकंच ते उपयोगाचं आहे.

आता ॲडमिनचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. त्या सदस्याशी त्याचा समान हेतू वा आधीचं संगनमत होतं हे दाखवावं लागतं. तेव्हा ॲडमिनवर गुन्हा दाखल करायला धावू नका. मजकूर हिंसेची चिथावणी देणारा असेल, अमुक वस्तीवर चला, अमुक माणसाला धरा असा, तर स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी द्या, पोच घ्या. ताबडतोब धोका असेल तर ११२ लावा. मजकूर नुसता कडवट, उद्धट किंवा तुमच्या मताविरुद्ध असेल तर ग्रुपवरच सभ्य शब्दांत, पुराव्यासह उत्तर द्या. आणि पाठवणाऱ्याला वेगळा फोन करा, कारण चारचौघांत कुणी माघार घेत नाही, फोनवर बरेचजण घेतात.

ॲडमिनना मात्र एवढं करायला लावा: गावात तणाव असेल, मतदानाचा आदला दिवस असेल किंवा कुठे दंगल झाल्याची बातमी असेल, तेव्हा ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय रात्रीपुरती चालू करायची. ठाण्याचा नंबर आणि पोलीस पाटलांचा नंबर ग्रुपच्या वर्णनात कायम ठेवायचा. बाजाराच्या दिवशी सकाळी, कुणी अनोळखी माणूस दिसला तर आधी या नंबरांवर विचारा, असा एक ओळीचा संदेश टाकायचा. तो दर आठवड्याला, काही घडलेलं नसतानाही टाकत राहायचा.